दाभोळची कीर्ति

प्रवासवर्णनाचें परीक्षण करतांना आपले टीकाकार भाषेची सफाई पाहतात. वर्णन करणारा कोठें उभा होता, हें सहसा विचारीत नाहींत. जुन्या बंदरांच्या बाबतींत तर हाच प्रश्न मुख्य होय. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळचें उदाहरण घ्या.

अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास हिंदुस्थानांत आला, तो विक्रीचा एक घोडा घेऊन. परततांना तो दाभोळासच जहाजावर चढला. त्याच्या वृत्तांतांत दाभोळ म्हणजे मिसर, अरबस्तान व खुरासान येथील घोडे उतरण्याचें मोठें बंदर. पुढें १५१६ च्या सुमारास दुआर्त बार्बोसा या पोर्तुगीजानें केलेल्या वर्णनांत तांबें व पारा यांस महत्त्व. एकास घोडे दिसले, दुसऱ्यास तांबें. दोघेहि खरेंच सांगतात. पण दोघांचेंहि दाभोळ मुख्यतः धक्क्याभोंवतींच फिरतें. घोडे घाट चढून ज्या मुलखांत गेले, त्या आपल्या बाजूचा त्यांत ओझरता उल्लेख तेवढा येतो.

मधल्या काळांत, १५०८ च्या डिसेंबरअखेर, पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेइदा यानें शहर जाळून भयंकर कत्तल केली. बार्बोसा ती नमूद करतो, आणि वांचलेल्या लोकांनीं परत येऊन गांव पुन्हां वसविल्याचेंहि सांगतो. माझ्या मतें त्याच्या वर्णनांतील हाच भाग सर्वांत मोलाचा. कारण येथें मालावरून नजर हटून माणसांवर पडते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दाभोळचें नांव पुन्हां जगभर झालें. १९९२ सालीं एन्रॉन या अमेरिकन कंपनीशीं वीज-प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला. १९९५ सालीं राज्य सरकारनें प्रकल्प रद्द केला. पुढें नवा करार होऊन वीज निघाली, ती २००१ सालीं थांबली, आणि त्याच वर्षीं कंपनीचें दिवाळें वाजलें. गंमत अशी कीं, प्रकल्प दाभोळांत नव्हताच. तो खाडीपलीकडे गुहागर तालुक्यांत, अंजनवेलीच्या बाजूस. दाभोळ दापोली तालुक्यांतलें. नांव एकाचें आणि अपकीर्ति दुसऱ्याची!

आपले मराठी लेखक या गांवीं जातात ते बहुधा उसासा टाकण्याची तयारी करूनच. सतराव्या शतकांतील शाही मशीद पाहिली कीं ‘गतवैभव’ हा शब्द लेखणींतून आपोआप उतरतो. परंतु तें वैभव कोणाचें होतें? जकात सुलतानांची, नफा सावकारांचा; गलबतें वल्हविणारा आणि ओझीं वाहणारा त्यांत किती धनी होता? हा हिशेब न मांडतां काढलेला उसासा म्हणजे उसनें दुःख होय.

सातारा-सांगलीच्या वाचकांस दाभोळ दूर नाहीं. कुंभार्ली घाट उतरला कीं चिपळूण, आणि तेथून वाशिष्ठीची खाडी. जावें, मशीद पाहावी, चंडिकेचें गुहेंतील मंदिर पाहावें, आणि धोपाव्याच्या फेरीबोटींत बसून लोकांचें बोलणें ऐकावें. बंदराची कीर्ति परक्यांनीं दिली आणि परक्यांनींच नेली. गांव मात्र तेथेंच आहे. त्याचें वर्णन व्हावयाचें अजून राहिलें आहे.