निदर्शक, पण कशाचा?

कंपवाताच्या संशोधनात रक्तातील ‘निदर्शकां’ना आज मोठे महत्त्व आले आहे. प्राणवायूजन्य विध्वंसक रेणूंचा भार पेलेनासा झाला, की मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी नाश पावतात, अशी एक उपपत्ती आहे. यूरिक आम्ल हे त्या भाराचे प्रतिकारक द्रव्य होय. ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्यांचा रोग सावकाश वाढतो, असे अमेरिका व कॅनडा येथील ८०० रुग्णांच्या चाचणीतील जुन्या नोंदींवरून २००९ साली दाखविण्यात आले.

ही नोंद ग्राह्य आहे. आक्षेप आहे तो तिच्याभोवती वाढलेल्या भाषेवर. ‘संबंध आढळतो’ हे विधान पाहता पाहता ‘रक्षण करते’ असे रूप घेते. क्रियापद तेवढे बदलते. परंतु त्यासरशी साहचर्याचा कार्यकारणभाव होतो. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग मानले आहे, कारण नव्हे.

पुढे इनोसिन देऊन यूरिक आम्ल वाढविण्याची चाचणी २९८ रुग्णांवर झाली. रक्तातील प्रमाण वाढले. रोगाची गती मंदावली नाही. २०१८ साली चाचणी निष्फळ ठरवून थांबविण्यात आली. मूतखडे मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. संशोधकांनी आपले गृहीतक कसोटीला लावले, हे त्यांचे श्रेय निःसंशय होय.

तथापि ‘निदर्शक’ हे पद षष्ठीवाचून अपुरे आहे. रोगाचा, रोगाच्या गतीचा, की उपचाराच्या परिणामाचा? ती षष्ठी लेखकाने गाळली, तर तिची उणीव अखेर रुग्णाला भरून द्यावी लागते.