शाखाभेद आणि प्रांतभेद : ख्रिस्ती संघांविषयीं एक विचार

पोर्तुगीज अमलाविषयीं लिहितांना आमचे लेखक ‘पाद्री’ हा शब्द सरसकट योजितात, व जें घडलें तें सर्व जेसुइटांनीं केलें असें धरून चालतात. ही पद्धति आम्हांस सदोष वाटते. गोव्यांत फ्रान्सिस्कन इ. स. १५१७ मध्यें, जेसुइट १५४२ मध्यें, डोमिनिकन १५४८ मध्यें व ऑगस्टिनियन १५७२ मध्यें आले. प्रत्येकाचे नियम, वरिष्ठ व दप्तर निराळें. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, तर साष्टी जेसुइटांकडे होती.

दुसरा दोष भाषांतराचा. या संघांच्या प्रादेशिक विभागास कित्येक जण ‘शाखा’ म्हणतात. आश्वलायन व आपस्तंब यांचा भेद आचाराचा आहे, वसतिस्थानाचा नव्हे. जेसुइटांचा १५४९ मध्यें स्थापिलेला हिंदुस्थानचा विभाग हा केवळ कारभाराचा प्रांत होय. नियम रोमपासून गोव्यापर्यंत एकच. उलट फ्रान्सिस्कनांतील ऑब्झर्वंट व रिफॉर्म्ड यांचा भेद व्रतपालनाच्या कडकपणाचा, म्हणून तो खरा शाखाभेद. गोव्यांत या दोहोंचे प्रांतही वेगळे होते. तेव्हां पहिल्यास प्रांत व दुसऱ्यास शाखा म्हणावें, हें उचित.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. साष्टी नांवाचे दोन प्रदेश आहेत. एक गोव्याचा, दुसरा मुंबईजवळचा. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें पांच जेसुइट मारले गेले, ती साष्टी गोव्याची. मंडपेश्वराच्या लेण्यांवर मठ बांधणारे फ्रान्सिस्कन, ती साष्टी मुंबईची. संघ न पाहतां पत्र वाचणारा एकीचा वृत्तांत दुसरीस लावील. तसेंच १७५९ मध्यें जेसुइट पोर्तुगीज मुलखांतून हद्दपार झाले. त्यानंतर त्या शतकांत तेथें घडलेल्या गोष्टींचें खापर त्यांच्या माथीं फोडणें म्हणजे कालविपर्यासच होय.

हाच विवेक श्रेयाविषयींही हवा. १६१६ मध्यें रायतूर येथें प्रथम छापलेलें ख्रिस्तपुराण रचणारा थॉमस स्टीफन्स जातीचा इंग्रज, संघानें जेसुइट. ‘पोर्तुगीज पाद्र्यांचा ग्रंथ’ एवढें म्हटल्यानें या दोन्ही गोष्टी झांकल्या जातात.

देवळें पाडणारांस दोष द्यावा, मराठी ओंवी रचणारास मान द्यावा, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु निवाडा देण्यापूर्वीं पक्षकाराचें नांव नीट लिहावें, एवढा नियम इतिहासासही लागू आहे. म्हणून अशा प्रत्येक कागदाच्या टिपणांत संघ, शाखा, प्रांत व स्थळ हीं चारही नोंदावीं, अशी अभ्यासकांस आमची सूचना आहे.