बेरीज बरोबर, उत्तर चूक

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत 'सी' भाषा शिकलेल्यांपैकी नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक हाताळले नाही, असा विद्यार्थी विरळाच. सोपी इंग्रजी, छोटी उदाहरणे आणि मित्राने समजावून सांगावे तशी शैली यांमुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना या पुस्तकाने धीर दिला. हे ऋण मान्य करूनच त्यातील एका विवेचनाकडे शिक्षकांचे लक्ष वेधायचे आहे.

स्ट्रक्चर शिकवताना पुस्तक सांगते की, त्याचे घटक स्मृतीत एकमेकांना लागून बसतात. नावाचे एक अक्षर १ बाइट, किंमत ४ बाइट, पानांची संख्या २ बाइट, म्हणजे एकूण ७ बाइट. टर्बो सी या कंपायलरवर ही बेरीज बरोबर येते. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या या कंपायलरमध्ये इंटिजर २ बाइटचा असतो आणि वेगळी सूचना न दिल्यास घटक चिकटवूनच ठेवले जातात. परंतु ही एका कंपायलरची रीत झाली, भाषेचा नियम नव्हे.

केळीच्या व्यापारातले उदाहरण घेऊ. एका नोंदीत क्रमाने चार घटक आहेत : मालाची प्रत (कॅरेक्टर), वजन (डबल), गावाची खूण (कॅरेक्टर) आणि घडांची संख्या (इंटिजर). टर्बो सी या नोंदीला १२ बाइट देतो. ३२ बिटी लिनक्सवरील जीसीसी २० बाइट देतो, तर आजच्या ६४ बिटी संगणकावर २४ बाइट लागतात. इंटिजर ४ बाइटचा धरला, तरी बेरीज १४ च होते. मग उरलेले १० बाइट कोठून आले?

ते रिकामे आहेत. ६४ बिटी संगणकावर ८ बाइटच्या डबलचा पत्ता ८ च्या पटीत आणि ४ बाइटच्या इंटिजरचा पत्ता ४ च्या पटीत असावा, असा संकेत असतो. यालाच अलाइनमेंट म्हणतात. पहिल्या कॅरेक्टरनंतर ७ बाइट मोकळे सोडले की डबल ८ व्या पत्त्यावर येतो; दुसऱ्या कॅरेक्टरनंतर ३ सोडले की इंटिजर २० व्या पत्त्यावर येतो.

हा खटाटोप प्रोसेसरसाठी आहे. १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरला सम पत्त्यावरची २ बाइटची संख्या एका फेरीत मिळे. विषम पत्त्यावर असली तर दोन फेऱ्या कराव्या लागत. स्पार्कसारखे प्रोसेसर तर चुकीच्या पत्त्यावरची संख्या वाचण्याचेच नाकारतात आणि प्रोग्राम बंद पडतो.

कंपायलरने घटकांचा क्रम बदलून जागा का वाचवू नये, असे विद्यार्थी विचारतील. 'सी'च्या मानकाप्रमाणे घटक लिहिलेल्या क्रमानेच ठेवावे लागतात. ते काम आपले आहे. वरील नोंदीत डबल, इंटिजर आणि मग दोन कॅरेक्टर असा क्रम लावला, तर २४ ऐवजी १६ बाइट पुरतात. त्यातही शेवटचे २ बाइट रिकामे असतात. कारण अशा नोंदींचा ॲरे केला, तर पुढच्या नोंदीतला डबलही ८ च्या पटीतच यायला हवा.

पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत या पोकळ्यांचा आणि त्या काढून टाकणाऱ्या 'प्रॅग्मा पॅक' या सूचनेचा उल्लेख आला, ही स्वागतार्ह गोष्ट. मात्र तो मूळ नियम शिकवून झाल्यावर अपवादासारखा येतो. वस्तुतः पोकळी हाच सामान्य नियम आहे आणि चिकटून बसणे हा अपवाद. 'पॅक'ची सूचनाही मानकाने ठरवलेली नाही. ती कंपायलरने दिलेली सोय आहे आणि तिच्यामुळे वेग कमी होऊ शकतो.

याचे परिणाम प्रयोगशाळेबाहेरही होतात. टर्बो सीने १२ बाइटची एकेक नोंद जशीच्या तशी फाइलमध्ये लिहिली आणि नव्या संगणकाने ती २४ बाइटची समजून वाचली, तर वजनाच्या जागी भलतेच आकडे येतील. चूक दाखवणारा संदेश मात्र येईलच असे नाही.

आणि परीक्षेत? 'या स्ट्रक्चरचा आकार किती?' असा प्रश्न कंपायलरचे नाव न देता विचारला, तर घरच्या संगणकावर २४ पाहून तेच लिहिणारा विद्यार्थी गुण गमावतो आणि १२ पाठ करणारा मिळवतो. आपण त्याला निरीक्षणाची शिक्षा देत असतो. म्हणून प्रश्नातच कंपायलर आणि संगणक नमूद करावा. त्याहून चांगले म्हणजे 'साइझऑफ' आणि 'ऑफसेटऑफ' यांनी आकार व पत्ते छापून घ्यावेत, घटकांचा क्रम बदलावा आणि आलेल्या फरकाचे कारण विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. एका तासिकेत हा प्रयोग सहज होतो.