बाजारभावाचा फलक कोणासाठी?

अंजनगाव सुर्जीचा शेतकरी तूर विकायला काढतो तेव्हा त्याच्यापुढे निदान चार बाजार असतात : गावचा, दर्यापूरचा, अकोटचा आणि अमरावतीचा. या बाजारांतले भाव आज मोबाइलवर पाहता येतात. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर शेतमाल निवडला की बाजार समित्यांची यादी उघडते. तिचे रकाने ठरलेले आहेत : जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटचा साचाही साधारण असाच. अशा माहितीफलकाला संगणकाच्या जगात डॅशबोर्ड म्हणतात. मोटार चालवणाऱ्याला नजर टाकताच वेग आणि इंधन कळते, तसे धंद्याचे आकडे एका दृष्टिक्षेपात कळावेत, ही त्यामागची कल्पना. मग हा फलक कोणाला काय कळवतो, ते तपासून पाहू.

‘कोणाला’ हा प्रश्न वऱ्हाडात जुना आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने सुरू झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात मिळावा, हा राज्यकर्त्यांचा हेतू होता. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. पुढे काळ बदलला. २००० साली ॲगमार्कनेटची योजना सुरू झाली, २०१६ मध्ये ई-नाम आले. उघड भाव सर्वांना कळावा हे ध्येय आता मान्य झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण ‘सर्वांना’ म्हणजे एकाच साच्यातून सर्वांना, असे आपण धरून चाललो आहोत. माझा आक्षेप तेथे आहे.

एक हिशेब करू. समजा, बाजारात तुरीचे सारख्या वजनाचे दहा ढीग आले. सोमवारी हर्रासात क्विंटलला रुपयांत असे भाव निघाले : ६०००, ६२००, ६५००, ७०००, ७०००, ७०००, ७०००, ७१००, ७२०० आणि ८०००. मंगळवारी निघाले : ६०००, ७०००, ७०००, ७०००, ७५००, ७६००, ७७००, ७८००, ७९०० आणि ८०००. आता फलकावर काय चढेल? दोन्ही दिवशी आवक तेवढीच, कमीत कमी ६०००, जास्तीत जास्त ८०००. इंग्रजी तक्त्यात सर्वसाधारण दराला मोडल प्राइस म्हणतात. म्हणजे आपण शाळेत शिकवतो तो बहुलक, सर्वांत जास्त वेळा आलेली किंमत. तोही दोन्ही दिवशी ७०००. फलकाच्या दृष्टीने दोन्ही दिवस अगदी सारखे.

प्रत्यक्षात मात्र सोमवारचा मध्य ६९०० आणि मंगळवारचा ७३५०. साडेसात हजार किंवा त्याहून अधिक भाव सोमवारी एका ढिगाला मिळाला, मंगळवारी सहा ढिगांना. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव ७५५० रुपये होता. त्या मोजपट्टीने सोमवारी नऊ ढीग हमीभावाखाली विकले गेले, मंगळवारी पाच. एवढा मोठा फरक तीन आकड्यांच्या चाळणीतून गळून जातो. हे उदाहरण मुद्दाम रचलेले आहे, पण चाळणीची भोके खरी आहेत.

आता वाचकांकडे वळू. शेतकऱ्याचा प्रश्न असतो : माझ्या मालाला, आज, कोठे नेले तर हातात जास्त पडेल? त्याला जास्तीत जास्त दर फसवतो, कारण तो एखाद्याच ढिगाचा असू शकतो. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता काय उरते, हे तर फलक विचारतच नाही. व्यापाऱ्याला एका बाजाराचा भाव फारसा नको असतो. अनेक बाजारांतली आवक वाढते की घटते, ते त्याला पाहायचे असते. अधिकाऱ्याला हमीभावाखाली किती माल गेला ते हवे. शिक्षकाला अनेक वर्षांची सलग माहिती हवी, म्हणजे मुलांकडून आलेख काढून घेता येतील. चार वाचक, चार प्रश्न, आणि उत्तर मात्र एकच तक्ता. तो तक्ता आकडे भरणाऱ्याच्या सोयीचा आहे.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे फलक हलता-बोलता करणे : रंग, नकाशे, निवडीच्या कळा. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये अशा रचनेचा एक क्रम सुचवला. आधी समग्र चित्र दाखवावे, मग हवा तो भाग जवळ आणून नको ते गाळू द्यावे आणि मागितल्यावर तपशील द्यावा. हा क्रम प्रसिद्ध आहे, संशोधकाला आणि अधिकाऱ्याला उपयोगीही आहे. पण शेतकऱ्याची वाट उलटी असते. तो आपल्या ढिगापासून आणि आपल्या गावापासून निघतो. राज्याचा नकाशा त्याला शेवटी लागला तर लागतो. कळा वाढवल्याने हे जुळत नाही. प्रत्येकाची पहिली पायरीच वेगळी ठेवावी लागते. आकड्यांचे कोठार एक असावे, त्यात शिरायची दारे चार असावीत.

केवळ भाव कळल्याने काय होते, याची दोन उत्तरे आपल्या देशातच मिळाली आहेत. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल सेवा आली. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाचा भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला आणि मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले. उलट महाराष्ट्रातील १०० गावांत शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाने भाव व हवामान कळवून पाहिले, तेव्हा त्यांना मिळालेल्या सरासरी भावात दखल घेण्याजोगा फरक फाफशाँ आणि मिंटेन यांना आढळला नाही (२०१२). माझ्या मते यातून रचनाकाराने एक धडा घ्यावा. मच्छीमार नाव समुद्रात असतानाच विचारत होता आणि लगेच दुसऱ्या बंदराकडे वळू शकत होता. वाचकाच्या हातात कोणता निर्णय आहे, तेथून फलकाची आखणी सुरू झाली पाहिजे.

सध्याच्या तक्त्याचा एक गुण सांगितलाच पाहिजे : तो साधा आहे, आणि साध्या मोबाइलवरही उघडतो. तो मोडू नये. पण त्यात तीन गोष्टी घालता येतील. निम्मा माल कोणत्या भावाच्या वर गेला, म्हणजे मध्यक, तो द्यावा. हमीभावाखाली किती माल विकला गेला ते लिहावे. आणि ज्या दिवशी हर्रास झाला नाही तेथे तसे स्पष्ट शब्दांत लिहावे. कोरी जागा म्हणजे शून्य आवक असे कोणी वाचू नये.

शिक्षकांना हे वर्गात करून पाहता येईल. नववीच्या मुलांना हर्रासाच्या दिवशी बाजार समितीत न्या. प्रत्येकाने वीस ढिगांचे भाव वहीत टिपावेत, मध्य, मध्यक आणि बहुलक काढावेत व संध्याकाळी फलकावरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. मग वर्गाचे चार गट करा : शेतकरी, व्यापारी, अधिकारी, शिक्षक. प्रत्येक गटाने त्याच वीस आकड्यांतून आपापला फलक एका कागदावर काढावा. चारही कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि सोबत बाजार समितीच्या सचिवांना एक प्रत द्या.