कुर्तागचे ‘याटेकोक’ : लघुत्वाचा प्रश्न

हंगेरियन संगीतरचनाकार व पियानोवादक ग्यॉर्ग कुर्ताग याच्याविषयी लिहिताना समीक्षक बहुधा ‘लघुत्व’ या एका गुणापाशी येऊन थांबतात. त्याच्या कित्येक रचना एका मिनिटाच्या आत संपतात, हे खरे; परंतु रचना किती लांब आहे हे सांगितल्याने ती काय करते हे सांगितले असे होत नाही. कुर्तागचे लघुत्व हे त्याच्या संगीताचे वैशिष्ट्य नसून एका निराळ्याच वैशिष्ट्याचा परिणाम होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ते वैशिष्ट्य पियानोच्या पट्ट्यांवरील हाताच्या हालचालीत शोधावयास हवे.

कुर्तागचा जन्म १९ फेब्रुवारी १९२६ रोजी रुमानियातील लुगोज येथे झाला. १९४६ साली तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत आला. तेथे पाल कादोशा यांच्याकडे पियानो व शांदोर वेरेश आणि फेरेन्त्स फार्काश यांच्याकडे रचनाशास्त्र तो शिकला. १९५७-५८ मध्ये पॅरिसमध्ये असताना त्याची निर्मिती पार खुंटली होती. मारियान स्टाइन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने त्या काळी त्याला केवळ दोन स्वर जोडण्यापासून पुन्हा आरंभ करावयास सांगितले. १९५९ मधील तंतुवाद्य-चतुष्टयास त्याने ‘रचना क्रमांक १’ म्हटले व ते तिलाच अर्पण केले. तिशी उलटल्यावर कलावंताने आपला पहिला क्रमांक पुन्हा घालावा, यात मागील कामाविषयीची कठोरता आहे, तशीच दोन स्वरांमधील संबंधावरील निष्ठाही आहे.

पॅरिसमध्ये त्याने वेबर्नच्या रचना स्वहस्ते उतरवून काढल्या. यावरून त्याला वेबर्नचा वारसदार ठरविण्याची प्रथा पडली आहे. ती अर्धीच खरी आहे. वेबर्नमधील शांतता रचनेच्या भूमितीचा भाग असते; कुर्तागमधील शांतता बोलता बोलता अडखळलेल्या माणसाच्या श्वासाची असते.

‘याटेकोक’, म्हणजे ‘खेळ’, या पियानोसंग्रहाचा आरंभ १९७३ मध्ये झाला. मारियान्ने तेओके या पियानोशिक्षिकेने मुलांसाठी काही तुकडे मागितले, हे त्याचे निमित्त. पहिले चार खंड १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे हार्मोनियम शिकणाऱ्या मुलाला आधी बोटे बसवावयास लावतात. युरोपातील पियानोशिक्षणही बहुतांशी तसेच. कुर्ताग हा क्रम उलटा करतो. मूल प्रथम तळहात, मूठ, कोपरापुढचा सबंध हात पट्ट्यांवर टाकते. स्वरलेखनातही नेमक्या स्वराऐवजी जाड काळे ठिपके आढळतात, आणि कालमान मोजून न देता लांब, अधिक लांब, आखूड एवढेच सुचविलेले असते. चायकोव्हस्कीस वाहिलेल्या तुकड्यात त्याच्या सुप्रसिद्ध पियानो कॉन्चेर्टोच्या आरंभीचे भारदस्त स्वरमेळ तळहातांनी वाजवावयाचे आहेत. स्वर जवळजवळ सगळे ‘चुकीचे’. तरी कोणीही जाणता श्रोता मूळ कृती तत्काळ ओळखतो आणि हसतो.

हे हसू विचार करावयास लावणारे आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याचा उगम संवेदनांमधील संवाद, विरोध व समतोल या लयसंबंधांत मानला. कुर्तागचा हा तुकडा त्या उपपत्तीला अडचणीत आणतो. कारण येथे स्वरसंवेदनांचे मूळ संबंध मोडले आहेत आणि ओळख मात्र शाबूत आहे. टिकला आहे तो हाताचा आवेश, वरून खाली कोसळण्याची ती ऐट. कुर्तागचा मूळ घटक स्वर नसून असा एक हावभाव होय, आणि हावभाव लांबविता येत नाही. मान हलविण्यास जितका वेळ लागतो तितकाच लागतो. ‘विराग अज़ एम्बेर’ (मनुष्य म्हणजे फूल) हा अवघ्या सात स्वरांचा तुकडा यासाठीच सातांत पुरा होतो.

अडचण पुढील खंडांत आहे. पाचव्या खंडापासून या रचना ‘रोजनिशीतील नोंदी, खासगी निरोप’ या उपशीर्षकाखाली येतात. कोणाचा वाढदिवस, कोणाची स्मृती, कोणा मित्रास अभिवादन. ज्याला निरोप धाडला त्याला आपण ओळखत नाही. मग दुसऱ्याचे पत्र उघडून वाचण्याचे आपल्याला कारण काय? काही ठिकाणी नावच सारे काम करते व स्वर केवळ लखोट्यासारखे उरतात, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अशा तुकड्यांची संख्या कुर्तागचे भक्त मानतात त्याहून अधिक आहे.

परंतु कुर्ताग व त्याची पत्नी मार्ता हे दोघे या संग्रहातील निवडक तुकडे आणि बाखच्या रचनांची त्याने केलेली चार हातांची रूपांतरे जाहीर मैफिलीत वाजवीत, तेव्हा हा आक्षेप बराच निवळे. मंचावर भव्य ग्रँड पियानो न ठेवता ते घरगुती उभा पियानो घेत, आणि हातोडी व तारा यांच्यामध्ये फेल्टची पट्टी आणणारे पेडल वापरीत. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून केलेली ही सोय. आवाज इतका दबे की सभागृहाला पुढे झुकून ऐकावे लागे. एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून ओलांडून जाई. निरोप कोणास आहे हे ठाऊक नसले, तरी निरोप दिला जात आहे हे दिसे.

२०१८ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ९२ व्या वर्षी, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याचा ‘फँ द पार्ती’ हा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला. बेकेटचे हे नाटक त्याने पॅरिसमधील त्याच वास्तव्यात पाहिले होते. लघुत्ववादी समीक्षकांना सुमारे दोन तासांची ही कृती अपवाद वाटली. वस्तुतः तिच्यात एकही वाक्य लांबविलेले नाही; वाद्यवृंद प्रत्येक शब्दामागे एकेक हावभाव ठेवतो आणि मागे सरतो. मात्र मधल्या दीर्घ स्वगतांत ही शब्दनिष्ठा श्रोत्याला थकविते, आणि तेथे त्याला लांब श्वासाची एखादी ओळ हवीशी वाटते.

प्रत्येक रचनेची पहिली श्रोती व परीक्षक असलेली मार्ता ऑक्टोबर २०१९ मध्ये निवर्तली. चार हातांचे ते तुकडे आता इतर वादक ग्रँड पियानोवर, पूर्ण आवाजात वाजवितात. स्वर तेच असतात.