अलंकार की लेख?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील राजकन्या सिटहाथोरयुनेतचे उरोभूषण निव्वळ दागिना म्हणून पाहणे अपुरे आहे. १९१४ मध्ये लाहून येथील थडग्यात सापडलेल्या या सोन्याच्या पदकात ३७२ खडे आहेत. अकीक, फिरोजा, लाजवर्द (ही नावे उर्दूइतकीच मराठीचीही). परंतु दोन ससाण्यांमधील आकृती हे चित्रलिपीतील वाक्य आहे. राजा दुसऱ्या सेनुस्रेतला लक्षावधी वर्षांचे आयुष्य लाभो, असा त्याचा आशय. मागच्या, अंगाला लागणाऱ्या बाजूवरही कारागिराने तीच आकृती सोन्यावर बारकाईने कोरली. हेतू केवळ शोभेचा असता तर हे श्रम कशाला? तिसऱ्या अमेनेमहेतच्या नावाचे तिचे दुसरे उरोभूषण मात्र इजिप्तमध्ये राहिले. त्यामुळे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचता येत नाहीत.