स्पर्शलिपी, छापील अक्षर आणि मराठी वाचक

दृष्टिहीनांस ग्रंथ उपलब्ध करून देणे म्हणजे ते त्यांना कोणीतरी वाचून दाखविणे, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. ह्या समजुतीच्या मुळाशी सद्‌भाव असतो, ह्यात शंका नाही. परंतु तीत ऐकणे आणि वाचणे ह्या दोन भिन्न व्यापारांची गल्लत झालेली आहे. ही गल्लत उकलावयाची तर दयाबुद्धी पुरेशी नाही. लेख म्हणजे काय, हा भाषाशास्त्राचा जुनाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. लेख हा आकृतींचा समूह आहे, की वर्णांचा क्रम आहे? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर मराठी ग्रंथांचे दार दृष्टिहीन वाचकास उघडे राहणार की बंद, हे अवलंबून आहे.

लुई ब्रेलने 1829 साली प्रसिद्ध केलेली लिपी सहा ठिपक्यांच्या चौकटीवर उभी आहे. त्या ठिपक्यांपासून 63 चिन्हे सिद्ध होतात. देवनागरीतील जोडाक्षरे, काने, मात्रा व वेलांट्या ह्यांचे आकार इतक्या थोड्या चिन्हांत उतरविणे अशक्यच होते. हिंदुस्थानात निरनिराळ्या शाळांतून निरनिराळ्या ब्रेलपद्धती चालत असत. 1951 साली त्यांच्या जागी भारती ब्रेल ही एक पद्धती मान्य झाली. ह्या पद्धतीने देवनागरीच्या आकृतीचा मोह सोडला आणि तिच्या मुळाशी असलेली वर्णव्यवस्था तेवढी घेतली. तिचे खरे यश हेच होय.

उदाहरणार्थ, ‘किती’ हा शब्द घ्यावा. छापील अक्षरात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, उच्चार मात्र तिचा नंतर होतो. भारती ब्रेलमध्ये क, इ, त, ई अशी चार चिन्हे उच्चाराच्या क्रमाने येतात; स्वराला स्वतंत्र रूप आणि मात्रारूप असा भेद तेथे नाही. साहजिकच ‘मऊ’ हा शब्द ‘मू’ असा वाचला जाण्याचा संभव निर्माण होतो. तो टाळण्यासाठी मध्ये ‘अ’चे चिन्ह घालून म, अ, ऊ असे लिहितात. ‘सत्य’ ह्या शब्दात अर्ध्या ‘त’ची आकृती नसते, ‘त’च्या आधी केवळ चौथा ठिपका देऊन पुढील व्यंजन स्वररहित आहे असे सुचविले जाते.

ह्या पद्धतीवर आक्षेप घेता येणार नाहीत असे नाही. क्ष आणि ज्ञ ही वस्तुतः जोडाक्षरे असता त्यांना स्वतंत्र चिन्हे दिली आहेत; शुद्ध वर्णविचाराने पाहता ही विसंगती होय. परंतु वर्णमालेच्या परंपरेने ती अक्षरे वेगळी मानलेली आहेत. शिवाय एकच चिन्ह राहिल्यामुळे मराठी वाचक ‘ज्ञ’ आपल्या रीतीने उच्चारतो व हिंदी वाचक त्याच्या रीतीने, ही सोयही साधते. दुसरा आक्षेप असा की, ‘ण’चे चिन्ह आणि पुढे अंक येत असल्याची खूण ही दोन्ही 3-4-5-6 ह्या ठिपक्यांचीच आहेत. मराठीत शब्दारंभी ‘ण’ जवळजवळ येतच नाही, म्हणून हा दोष व्यवहारात जाचत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक स्वराला वेगळी चौकट लागत असल्यामुळे ब्रेल ग्रंथ फार जाड होतो आणि ठेवण्यास व नेण्यास अवजड ठरतो.

ह्याच कारणाने ध्वनिमुद्रित ग्रंथ आणि संगणकाचा कृत्रिम आवाज ह्यांकडे ओढा वाढला आहे. ही साधने उपकारक आहेत. तथापि ती ब्रेलची जागा घेतील असे म्हणणे मराठीच्या बाबतीत तरी चुकीचे ठरेल. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ ही रूपे बोलण्यात बहुधा एकरूप होतात. भारती ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व इ म्हणजे 2-4 आणि दीर्घ ई म्हणजे 3-5. बोटाखाली भेद स्पष्ट राहतो. केवळ कानाने शिकलेल्या विद्यार्थ्याचे शुद्धलेखन कच्चे राहिले, तर तो दोष त्याचा नव्हे. उलट, ‘जग’ हे रूप नाम असता त्यातील ‘ज’ तालव्य असतो आणि ‘जगणे’ ह्या धातूचे असता दंततालव्य. लेखन हा भेद दाखवीत नाही. संदर्भ पाहून तो वाचकाने करावयाचा असतो. यंत्राच्या आवाजात हा निर्णय यंत्र घेते, आणि ध्वनिमुद्रणात तो निवेदक घेतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या पदरी दुसऱ्याने केलेले वाचन पडते; स्वतः वाचण्याचा अधिकार त्याच्याकडे राहत नाही.

परंतु आवाज असो वा ब्रेल असो, दोहोंसाठी आज मूळ मजकूर संगणकाला कळेल अशा स्वरूपात असावा लागतो. मराठी ग्रंथव्यवहाराचे वैगुण्य येथेच उघड होते. युनिकोडच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान आहे. तीत ‘कि’ ह्याची नोंद प्रथम क आणि मग वेलांटी अशी, म्हणजे भारती ब्रेलप्रमाणेच उच्चारक्रमाने, होते. असा मजकूर संगणकाकरवी ब्रेलमध्ये उतरविता येतो आणि आवाजातही ऐकविता येतो. ह्याउलट, मराठी मुद्रणात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा त असे देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. डोळ्याला पान निर्दोष दिसते. वाचकयंत्र मात्र तेथे अर्थहीन रोमन अक्षरे उच्चारू लागते. ग्रंथांच्या पानांची नुसती छायाचित्रे साठविली, तर तेवढेही ऐकू येत नाही. दोन्ही ठिकाणी जतन झाली ती आकृती, वर्ण हरवले.

कायद्याची अडचण होती, ती पुष्कळशी दूर झाली आहे. 2012 च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती करण्याची मुभा देण्यात आली. 2013 च्या माराकेश करारास 2014 साली मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत हेच होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती सुलभ स्वरूपात मिळण्याची जबाबदारी शासनावर टाकली. पण प्रत करण्याची परवानगी मिळाली, तरी करावयाच्या प्रतीचा मूळ मजकूरच यंत्राला अगम्य असेल, तर प्रत्येक ग्रंथ पुन्हा अक्षरशः टंकित करावा लागतो. परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याला तो वेळेवर मिळत नाही.

ह्या बाबतीत विद्यापीठांतील भाषाविभागांना स्वतःस अलिप्त समजता येणार नाही. पाठभेद, व्युत्पत्ती, वृत्त ह्यांचा अभ्यास अक्षर न् अक्षर तपासून करावा लागतो. तो ऐकीव मजकुरावर होऊ शकत नाही. एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याने संहितेवर संशोधन करावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती संहिता असली पाहिजे, तिचे कथन नव्हे. यास्तव नवे संपादित ग्रंथ, शोधनिबंध आणि प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच सिद्ध करणे, जुन्या फाँटांतील मजकुराचे रूपांतर करून ते मुळाशी ताडून पाहणे, आणि ब्रेलमध्ये उतरलेली संहिता ब्रेल जाणणाऱ्या वाचकाकडून तपासून घेणे, ही कामे संपादनाचाच भाग मानली पाहिजेत. छापील पानावरील एका चुकीच्या वेलांटीसाठी शुद्धिपत्र जोडणाऱ्या संपादकाने, ज्या वाचकाला सारे पानच वाचता येत नाही त्याच्याविषयी निश्चिंत राहणे संपादनशास्त्राच्या दृष्टीनेही समर्थनीय नाही.